पॉडकास्ट ऐकून डायग्नोसिस जमेल का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांत मेडिकल पॉडकास्टबद्दलचे प्रश्न इतके आहेत की सगळे एकत्रच घेतलेत. बहुतेक विद्यार्थ्यांचे आहेत, एक प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांचा आहे. शेवटचा एका पेशंटच्या मुलीचा आहे आणि तो डॉक्टरांनीही वाचावा असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मॅडम, मी मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. जाता-येता, कपडे धुताना, झोपायच्या आधी केसवाले पॉडकास्ट ऐकते. ऐकताना सगळं कळतं, ते डॉक्टर बोलतात ते पटतं आणि बऱ्याचदा वाटतं की हो, मला पण हेच सुचलं असतं. पण वॉर्डात पेशंटसमोर उभी राहिले की डोकं रिकामं. सर म्हणतात डिफरन्शियल (म्हणजे कुठकुठले आजार असू शकतात त्याची यादी) सांग, तर दोन नावांच्या पुढे गाडी जात नाही. मग एवढं ऐकून उपयोग काय?

उत्तर : "मला पण हेच सुचलं असतं" असं लिहिलंस ना, तिथेच गोम आहे बघ. उत्तर कानावर पडायच्या आधी तुझ्या डोक्यात नक्की काय होतं हे तुला कळायला मार्गच नाही, कारण तू ते कुठे लिहिलेलं नाहीस, आणि उत्तर कळल्यावर तर सगळंच आधीपासून माहीत होतं असं वाटायला लागतं. हे तुझ्या एकटीचं नाही, सगळ्यांचंच होतं. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग छापला होता, त्यात काही मुलांनी उतारा परत परत वाचला आणि काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर परत परत वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे बरेच पुढे निघाले, आणि गंमत म्हणजे आपल्याला हे लक्षात राहील असा भरवसा परत परत वाचणाऱ्यांनाच जास्त होता. पॉडकास्ट नुसतं ऐकत जाणं हे त्या वाचण्यासारखंच आहे, मधे आपल्याला काही काढून द्यावंच लागत नाही.

त्यामुळे माझं म्हणणं एकच आहे, पॉज दाबायचा. जिथे नवीन माहिती येते तिथे थांबवायचं, आपलं उत्तर लिहायचं आणि मगच पुढे जायचं. कसं ते एका केसवर बघू, ही मी शिकवण्यासाठी बनवलेली केस आहे.

३८ वर्षांचा माणूस. सहा महिन्यांपासून पोट फुगतंय, थकवा आहे, भूक कमी झालीये. आधी कुठेतरी लिव्हरचा आजार सांगितलाय आणि पोटातलं पाणी दोनदा काढून झालंय. बस, इथे थांबव. तीन गोष्टी लिही : पेशंट एका वाक्यात, तुझ्या मते पहिल्या तीन शक्यता (क्रमाने, कारण क्रम लावताना खरा विचार होतो), आणि पुढे काय ऐकायला मिळालं तर तू तुझा पहिला नंबर बदलशील. ही तिसरी गोष्ट लोक सोडून देतात, माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. बहुतेक जण इथे सिरोसिस पहिला लिहितील, आणि त्यात काही चूक नाही.

आता प्ले कर. तपासणीत मानेच्या शिरा जबड्यापर्यंत फुगलेल्या, पेशंटने श्वास आत घेतला की आणखी वर चढतात. छाती स्वच्छ. पायाला सूज आहे, पण पोटाच्या मानाने कमी. परत थांबव. सिरोसिसमध्ये जेव्हीपी (मानेच्या शिरांमधला दाब) इतका वर नसतो, म्हणजे अडथळा लिव्हरच्या वर, हृदयाच्या आसपास असणार. श्वास आत घेताना शिरा खाली जायला हव्यात, त्या वर जातायत, म्हणजे कुसमॉल साइन. तुझं पहिलं वाक्य "तरुण माणसात पोटात पाणी" असं होतं, ते आता "तरुण माणसात सहा महिन्यांपासून उजव्या बाजूचं हार्ट फेल्युअर, छाती स्वच्छ, पोटातलं पाणी पायाच्या सुजेपेक्षा जास्त" असं झालं. यादी आपोआप बदलते : कन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिस (हृदयाभोवतीचं आवरण, म्हणजे पेरिकार्डियम, कडक होऊन हृदय आवळलं जाणं), पल्मनरी हायपरटेन्शन, रिस्ट्रिक्टिव्ह कार्डिओमायोपथी, ट्रायकस्पिड व्हॉल्व्ह. मग पोटातल्या पाण्याचा रिपोर्ट येतो. रक्तातलं आणि पाण्यातलं अल्ब्युमिन यांच्यातला फरक १.१ च्या वर, हे सिरोसिसमध्येही असतं आणि हृदयाच्या कारणातही, पण पाण्यातलं प्रोटीन १०० मिलीला ३.४ ग्रॅम. सिरोसिसमध्ये ते सहसा २.५ च्या खाली असतं. शेवटी सीटीमध्ये पेरिकार्डियम जाड आणि कॅल्सिफाइड दिसतं, म्हणजे कन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिस.

आता शेवटचं नाव तुला आलं की नाही याला मी फारसं महत्त्व देत नाही. पॉडकास्टमधले डॉक्टर कुठल्या शब्दावर वळले आणि तू कुठे वळलीस, हे वहीत शेजारी-शेजारी मांडून बघ. ते मानेच्या शिरांवर वळले आणि तू सीटीपर्यंत सिरोसिसच धरून बसलीस, तर उद्या वॉर्डात काय करायचं ते तुला कळलं : पोटात पाणी असलेल्या प्रत्येक पेशंटची मान बघायची, पंचेचाळीस अंशात बसवून, नीट उजेडात. आणि हे उद्याच कर, आठवड्याने नको.

रोज चार एपिसोड ऐकत असशील तर एकच ऐक, पण असा. कपडे धुताना काय ऐकायचं ते खुशाल ऐक, फक्त तो अभ्यास म्हणून मोजू नकोस.

प्रश्न : प्रॉब्लेम रिप्रेझेंटेशन, इलनेस स्क्रिप्ट, स्किमा हे शब्द सारखे येतात. तिन्ही सारखेच वाटतात. सोपं करून सांगाल का?

उत्तर : पहिला शब्द तर वर झालाच. पेशंटची गोष्ट एका वाक्यात, पण नुसती छोटी करून नाही, वैद्यकीय भाषेत आणून. "तीन दिवसांपासून गुडघा दुखतोय, आधी पण एकदा असं झालं होतं" याचं "अक्यूट, वारंवार होणारा, एकाच सांध्याचा आर्थ्रायटिस" झालं की डोक्यातला बरोबर कप्पा उघडतो. अक्यूट की क्रॉनिक, एक सांधा की अनेक, एका बाजूला की दोन्हीकडे असे जोडीतले शब्द तिथे कामाला येतात.

इलनेस स्क्रिप्ट म्हणजे एखाद्या आजाराचं तुमच्या डोक्यातलं चित्र : कोणाला होतो, किती वेगाने येतो, शरीरात काय बिघडतं आणि त्यामुळे काय दिसतं. गाउटचं चित्र तुमच्याकडे असेल तर वरच्या वाक्याशी तुम्ही ते लावून बघता. चित्रच नसेल तर कितीही हुशारीने विचार केला तरी ते सुचणार नाही. एल्स्टाइन, शुलमन आणि स्प्राफ्का यांनी १९७८ मध्ये डॉक्टर केस कशी सोडवतात यावरचं मोठं काम प्रसिद्ध केलं. त्यातून दिसलं की अनुभवी डॉक्टरसुद्धा अगदी सुरुवातीलाच काही शक्यता धरतात आणि मग त्या तपासत जातात, पण एका केसमध्ये चांगली कामगिरी केलेला डॉक्टर दुसऱ्या केसमध्येही तशीच करेल असं नसतं. म्हणजे विचार करायची एखादी जादूची पद्धत शिकली की झालं असं नाही, त्या त्या आजाराची माहिती हवीच. पॉडकास्ट ऐकणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते, कारण पुस्तक बाजूला ठेवायचा मोह होतो.

स्किमा हा एखाद्या प्रॉब्लेमचा नकाशा. हायपोनॅट्रीमिया, म्हणजे रक्तातलं सोडियम कमी होणं, घ्या. सोडियम १२२ आलं. कारणं पाठ केलीत तर तीस निघतील आणि ऐन वेळी सहा आठवतील. त्याऐवजी प्रश्न क्रमाने विचारा. रक्ताची ऑस्मोलॅलिटी (त्यात विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण) खरंच कमी आहे का, की साखर खूप वाढल्यामुळे सोडियम कमी दिसतंय? खरंच कमी असेल तर लघवीची ऑस्मोलॅलिटी बघा. १०० च्या खाली असेल तर किडनी तिचं काम बरोबर करतेय, पाणी बाहेर टाकतेय, फक्त पाणी खूप जास्त जातंय किंवा खाण्यातून मीठ-प्रोटीन फारच कमी येतंय. १०० च्या वर असेल तर एडीएच (किडनीला पाणी धरून ठेवायला लावणारं हार्मोन) काम करतंय, आता ते का हा प्रश्न. लघवीतलं सोडियम कमी, म्हणजे साधारण ३० च्या खाली असेल तर शरीराला रक्तपुरवठा कमी वाटतोय : उलट्या-जुलाब झालेत, किंवा हार्ट फेल्युअर, सिरोसिस. जास्त असेल तर एसआयएडीएच (गरज नसताना एडीएच तयार होत राहणं), अॅड्रिनलची कमतरता, डाययुरेटिक म्हणजे लघवी वाढवणाऱ्या गोळ्या. प्रत्येक फाट्यावर शरीरात काय चाललंय हे कळत असल्यामुळे हा नकाशा पाठ करावा लागत नाही, दोन-तीन पेशंटवर वापरला की बसतो.

एपिसोडमध्ये स्किमा ऐकलात की तो न बघता कागदावर काढा, मग ताडून बघा. दुसऱ्याने काढलेली सुंदर चित्रं फोनमध्ये साठवून काही होत नाही.

प्रश्न : पॉडकास्टमध्ये सगळ्या केसेस भन्नाट असतात. आता मला साध्या तापात पण व्हॅस्क्युलायटिस (रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा दुर्मिळ आजार) दिसायला लागलाय, रेसिडेंट ओरडतात. ऐकणं बंद करू का?

उत्तर : बंद नको करू, पण ती केस एपिसोडपर्यंत का पोचली याचा विचार कर. साधा न्यूमोनिया साध्या औषधाने बरा झाला तर त्यावर कोण एपिसोड करणार? म्हणजे निवडच वाकडी आहे, आणि ऐकणाऱ्याला नकळत वाटायला लागतं की जगात असंच असतं.

यावर आकड्यात विचार करायची सवय लाव. समजा एखादी टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि तिचा लाइकलिहूड रेशो १० आहे, म्हणजे आजार असलेल्यात ती पॉझिटिव्ह यायची शक्यता नसलेल्यांपेक्षा दहापट, चांगलीच दमदार टेस्ट. आजाराची शक्यता आधी ३० टक्के असेल तर ती आता ८१ टक्क्यांवर जाते. पण आधी फक्त २ टक्के असेल तर तीच टेस्ट, तोच रिपोर्ट आणि शक्यता फक्त १७ टक्के. टेस्ट बदललेली नाही, सुरुवात कुठून केली ते बदललं. व्हॅस्क्युलायटिस यादीत ठेवायला हरकत नाही, पण तू सुरुवात किती टक्क्यांवरून करतोयस हे रेसिडेंटला सांगता आलं पाहिजे, मग ते ओरडणार नाहीत.

याचाच दुसरा भाग असा की हे टक्के जागेप्रमाणे बदलतात. मोठे इंग्रजी पॉडकास्ट बहुतेक अमेरिकेतल्या मोठ्या टीचिंग हॉस्पिटलमधून येतात आणि तिथल्या डॉक्टरांचा क्रम तिथल्या पेशंटवर तयार झालेला असतो. वरच्याच केसमध्ये कन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिसचं कारण म्हणून ते आधी जुनी हार्ट सर्जरी किंवा छातीला दिलेलं रेडिएशन विचारतील, टीबी जास्त असलेल्या भागात टीबी आधी येईल. विचार करायची पद्धत त्यांची घे, क्रम तुझ्या वॉर्डातला लाव.

आणि काही दिवस साध्या आजारांचे एपिसोड ऐक, हार्ट फेल्युअर, सीओपीडी, अॅनिमिया. कंटाळवाणे वाटतील, पण नेहमीचा आजार वेगळ्या रूपात येतो तेव्हा तो ओळखायला त्याचं नेहमीचं रूप पक्कं माहीत असावं लागतं.

प्रश्न : सुरुवात कुठल्या पॉडकास्टने करावी? अॅक्सेंट कळत नाही आणि मित्र तर दीडपट स्पीडने ऐकतात.

उत्तर : विचार कसा करतात हे ऐकायचं असेल तर द क्लिनिकल प्रॉब्लेम सॉल्व्हर्स, तिथे केस तुकड्या-तुकड्याने सांगतात आणि चर्चा करणाऱ्याला उत्तर माहीत नसतं. (ही कल्पना जुनी आहे, बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रिचर्ड कॅबट विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अशा केस कॉन्फरन्स घ्यायचे, आणि तिथल्या केसेस आजही न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये येतात.) एखादा विषय तज्ज्ञाकडून समजून घ्यायचा असेल तर द कर्बसायडर्स किंवा कोर आयएम. इमर्जन्सी आणि आयसीयूसाठी ईएमक्रिट, पण ते थोडं पुढच्या लोकांसाठी आहे.

अॅक्सेंटला दोन-तीन आठवडे द्या, कान बसतो. ट्रान्स्क्रिप्ट मिळाली तर पहिल्यांदा ती समोर ठेवा. दीडपट स्पीड माहितीच्या एपिसोडला चालेल, केसला नको, तिथे थांबायचंच आहे तर घाई कशाची. एक खबरदारी, एपिसोडचं नाव आणि वर्णन वाचू नका, कधीकधी उत्तर तिथेच असतं. आणि औषधाचा डोस कधीही ऐकीव घेऊ नका, एपिसोड जुना असू शकतो, युनिट वेगळं असू शकतं, डोस लिहायच्या आधी गाइडलाइन उघडायचीच.

प्रश्न : मी बरीच वर्षं एकटा प्रॅक्टिस करतो. चर्चा करायला कोणी नाही, म्हणून पॉडकास्ट ऐकतो, बरं वाटतं. पण यामुळे माझ्या हातून होणाऱ्या डायग्नोसिसच्या चुका खरंच कमी होतील का?

उत्तर : तुम्ही हा प्रश्न विचारलात याबद्दल आधी आभार, कारण एकट्याने काम करणाऱ्यांना हे विचारायलाही कोणी नसतं.

ग्रेबर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये इंटर्नल मेडिसिनमधल्या डायग्नोसिसच्या चुकांच्या १०० केसेस तपासून छापल्या होत्या. त्यातल्या ७४ टक्क्यांमध्ये डॉक्टरच्या विचारातल्या चुकीचा हात होता, ६५ टक्क्यांमध्ये यंत्रणेचा, बऱ्याच ठिकाणी दोन्ही. ज्ञान कमी पडलं असं फार थोड्या वेळा दिसलं. सगळ्यात जास्त वेळा दिसलेली चूक म्हणजे प्रीमॅच्युअर क्लोजर, एक डायग्नोसिस बसतंय असं वाटलं की पुढे शोधणं बंद. त्यामुळे पॉडकास्टमधून नवीन आजारांची नावं गोळा करण्यापेक्षा, चर्चा करणारा माणूस बसत आलेल्या डायग्नोसिसवर शंका कधी घेतो हे ऐका. "यात काय बसत नाहीये?" हा प्रश्न तो कुठे विचारतो ते बघा आणि पेशंट त्याच तक्रारीसाठी परत आला की तोच स्वतःला विचारा. दुसऱ्यांदा परत आलेला पेशंट नवा समजून पहिल्यापासून हिस्टरी घ्यायची, एवढी एक सवय लागली तरी खूप आहे. चुकांच्या प्रकारांची इंग्रजी नावं पाठ करून मात्र चुका टळत नाहीत, त्यात वेळ घालवू नका.

दुसरी गोष्ट पॉडकास्ट देऊच शकत नाही. तिथे तासाभरात शेवट कळतो, तुमच्याकडे पेशंट गोळ्या घेऊन जातो आणि बरा झाला, दुसरीकडे गेला की अॅडमिट झाला, काहीच कळत नाही. परत आला नाही म्हणजे बरा झाला असं आपण धरून चालतो. म्हणून एक वही करा. ज्या पेशंटबद्दल मनात खुटखुट राहिली त्याची तारीख, तुमचं डायग्नोसिस, किती टक्के खात्री होती, आणि कधी फोन करायचा ते लिहा. मग खरंच फोन करा. निदान वेगळं निघालं तर कशावरून कळलं तेही विचारून घ्या. हे थोडे महिने केलंत की "मला ९० टक्के खात्री आहे" असं वाटतं तेव्हा तुम्ही प्रत्यक्षात किती वेळा बरोबर असता ते दिसायला लागेल, आणि माझ्या मते हे कुठल्याही एपिसोडपेक्षा मोलाचं आहे.

आणि चर्चेला कोणी नाही म्हणता, तर दोन-तीन डॉक्टर मिळून आठवड्यातून एकदा फोनवर बसा. एकाने एपिसोड आधी ऐकलेला असेल त्याने तो थांबवत चालवायचा, बाकीच्यांनी बोलायचं, आणि शेवटी प्रत्येकाने स्वतःचा एक अडलेला पेशंट मांडायचा, नाव-गाव न सांगता.

प्रश्न : मी डॉक्टर नाही. आईच्या आजाराचं निदान खूप उशिरा झालं, तेव्हापासून मी हे पॉडकास्ट ऐकते. अर्ध कळतं, अर्ध नाही. डॉक्टरांना सुचवायला गेले तर ते चिडतात. मी ऐकणं चुकीचं आहे का?

उत्तर : अजिबात चुकीचं नाही. आईसाठी तुम्ही इतकं करताय, त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजने २०१५ मध्ये डायग्नोसिसवर अहवाल काढला, त्यात निदानातल्या चुकीची व्याख्याच अशी केली की पेशंटच्या त्रासाचं बरोबर आणि वेळेवर स्पष्टीकरण न मिळणं, किंवा ते पेशंटला नीट न सांगितलं जाणं. म्हणजे तुम्हाला समजावून सांगणं हा निदानाचाच भाग आहे, ते मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

फक्त ऐकलेलं वापरायची जागा थोडी बदला. आजाराचं नाव घेऊन गेलात की डॉक्टरांचं लक्ष ते नाव खोडण्याकडे जातं. त्यापेक्षा पॉडकास्टमध्ये केस कशी सांगतात ते उचला. आई शेवटची पूर्ण ठणठणीत कधी होती? पहिल्यांदा काय बदललं, मग काय, किती दिवसांनी? आधी काय करू शकायची आणि आता काय जमत नाही : "दम लागतो" यापेक्षा "दोन महिन्यांपूर्वी दोन जिने चढायची, आता आंघोळ करून आली की बसावं लागतं" हे डॉक्टरला कितीतरी जास्त सांगतं. कुठली औषधं कधी सुरू झाली आणि कधी बंद झाली, दुकानातून आणलेल्या आणि घरगुती औषधांसकट. हे एका पानावर लिहून द्या, जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून द्या.

मग तीन प्रश्न विचारा, शांतपणे. तुम्हाला हे काय वाटतंय? यात न बसणारं काही आहे का? आणि काय झालं तर आम्ही वाट न बघता लगेच यायचं? तिसऱ्याचं उत्तर त्यांच्यासमोरच त्या पानावर लिहून घ्या आणि घरात सगळ्यांना वाचून दाखवा, कारण रात्री त्रास वाढेल तेव्हा आईजवळ तुम्हीच असाल असं नाही.